मधला बर्फ

उजव्या हाताची बाही कोपराच्या वर सारायची, डावा हात समोरच्याच्या छातीवर ठेवून त्याला मागं ढकलायचं आणि मग उजवा हात सरळ ढिगात खुपसायचा, ही चाचांची पद्धत. ढीग कशाचाही असो. कांदा, बटाटा, तांदळाचं पोतं, लॉजमधल्या गाद्यांची चळत. मधून काहीतरी उपसून ते डोळ्यांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "वरचं दावू नको. मधलं काढ."

तुम्ही मंचरच्या बाजारात कांद्याचे लिलाव पाहिले असतील, तर तिथं ही सवय कशी लागते ते तुम्हाला सांगायला नको. ढिगाच्या माथ्यावर सगळ्यांचाच कांदा गोल, लाल आणि देखणा असतो. खरा माल आत असतो. पण बाजारातले बाकीचे व्यापारी हात घालण्याआधी दोन शब्द गोड बोलतात. चाचा थेट ढकलायचे. त्यांच्या त्या डाव्या हाताचा राग धरून बसलेली माणसं तालुक्यात कमी नव्हती.

मी त्यांच्याकडं लागले तेव्हा मात्र त्यांच्याकडं कांदा उरला नव्हता. ते बर्फ विकत होते.

चाचा मूळचे जुन्नरचे. घरचा धंदा कांद्याबटाट्याचा, वखार मंचरला. एका हिवाळ्यात ते कांद्याच्या ट्रकबरोबर हिमाचलात गेले आणि रस्ता बर्फानं बंद झाला. तिथं एका गावाच्या डोक्यावर स्की करायचा छोटासा उतार होता. मोठ्या, नावाजलेल्या जागांपैकी नव्हे. लोकांना वर ओढून नेणारा एक लांब दोर, दोर फिरवणारं डिझेलचं इंजिन, पत्र्याची खोली आणि 'खुला' की 'बंद' ते सांगणारी एक पाटी. या सगळ्याचा राखणदार ठाकूर. त्यानं चाचांना आणि ड्रायव्हरला खोलीत ठेवून घेतलं. ठाकूर मला एकदा म्हणाला होता, की सकाळी उठल्यावर चाचांनी आभार मानले नाहीत. बाहेर येऊन बाही वर सारली, त्याला छातीवर हात ठेवून बाजूला केलं आणि बर्फात हात घातला. "अंदर का भी माल अच्छा है," ते म्हणाले. "हमारे लोगों को दिखाना पड़ेगा."

पुढं भावांच्या वाटण्या झाल्या, वखार धाकट्यांकडं गेली आणि चाचांनी हायवेच्या कडेला एका गाळ्यात सहलींचं ऑफिस थाटलं. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना बर्फ दाखवायचा, एवढाच धंदा.

मी निमगाव सावाची. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सीची मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती बोटानं परत माझ्याकडं सरकवली.

"हे वरचं झालं. मधलं काय?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "वडील मेंढरं राखतात. लहानपणी थंडीत मेंढरांच्या फिरत्या वाड्याबरोबर रानात झोपलेय."

"रडायचीस?"

"सुरुवातीला रडायचे."

"नाय म्हणली असतीस तर घेतली नसती," ते म्हणाले, आणि समोरचा फोन माझ्याकडं ढकलला. नेमणूक झाली ती अशी. हसले बिसले नाहीत.

मुलीनं इतक्या लांब, परक्या माणसांबरोबर फिरायचं, हे वडिलांना पटत नव्हतं. हे ऐकल्यावर चाचा स्वतः निमगावला आले. पडवीत कातरलेल्या लोकरीचा ढीग होता. पाणी प्यायच्याही आधी त्यांनी वडिलांना बाजूला सारून त्यात हात घातला. मधली लोकर काढली, चुरगाळली, नाकाशी धरली.

"मधली पण चांगलीय," चाचा म्हणाले.

वडिलांनी ती लोकर त्यांच्या हातातून घेऊन परत ढिगावर ठेवली. मग मला म्हणाले, "जा तू."

आज मी जी काही आहे ती त्या एका वाक्यामुळं आहे.

रोज सकाळी ऑफिस उघडलं की ठाकूरला फोन. फोन स्पीकरवर, म्हणजे शेजारच्या टायरवाल्यालाही कळायचं की हिमालयात आज काय पडलं.

"नई बर्फ कितनी?"

"छह इंच, चाचा."

"इंच मत बता. वीत बता."

"वीत हम नहीं जानते."

"हाथ है ना तेरे को? घुसा अंदर."

"सुबह-सुबह दिमाग़ मत खाओ."

कधी ठाकूर फोटो पाठवायचा. चाचा तो बघायचेच नाहीत. "फोटोत कांदा बी लालच दिसतो," म्हणायचे. मग दोघांत अर्धा तास शिव्या. वारा कुठून आहे, रात्री गोठला का, दुपारी ऊन लागून वरती पापुद्रा धरला का, खाली जुना बर्फ आहे की गवत, हे सगळं त्या शिव्यांच्या मधे मधे यायचं आणि मी ते वेचून पाटीवर लिहायचे. जानेवारी-फेब्रुवारीत मंचरच्या हायवेवर, कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या धुरात, आमच्या दारात पाटी असायची: नवा बर्फ एक वीत, खालचा घट्ट, वारा कमी, दोर चालू. लोक थांबून वाचायचे आणि हसायचे.

गिऱ्हाइकांशी चाचांचं वागणं तुम्ही पाहिलं असतं, तर पुन्हा कुणी येतं कसं असाच प्रश्न तुम्हाला पडला असता. "पावणं, हे माथेरान न्हाई. घोडा मिळणार नाय. पाय हायेत ना?" दागिने घालून आलेल्या एका बाईला ते म्हणाले होते, "वैनी, बर्फाला तुमचं गंठण दिसत नाय." फोटोत कधी उभे राहिले नाहीत. प्रत्येकानं खताची एक रिकामी प्लास्टिकची गोणी आणायची, हा त्यांचा नियम. स्की कुणाला जमायचं नाही, तीन पावलांत माणूस आडवा. मग गोणीवर बसायचं आणि उतारावरून खाली सुटायचं. नऊवारीतल्या आज्या, सरपंच, सगळे युरियाच्या गोण्यांवरून किंचाळत खाली. ठाकूरला ते अजिबात खपायचं नाही. त्याचा गुळगुळीत केलेला उतार आम्ही खरवडून ठेवायचो. "आ गए बोरीवाले," तो थुंकून म्हणायचा.

तोच ठाकूर दुपारच्या नमाजाच्या वेळी मात्र इंजिन बंद करायचा. चाचा पत्र्याच्या खोलीमागं खताची गोणी अंथरायचे, ओल वर येऊ नये म्हणून, आणि तिच्यावर जानमाज. तेवढा वेळ दोर थांबलेला. आमचे लोक ओरडायचे, "काय राव, बंद का केलं?" ठाकूर सांगायचा, "इंजन गरम हो गया." उणे तापमानात इंजिन रोज एकाच वेळी गरम व्हायचं. चाचांनी त्याबद्दल एक अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही.

आता त्या शेवटच्या ग्रुपकडं येते.

आदल्या हिवाळ्यात तिकडं बर्फच धड पडला नव्हता. आम्ही लोक नेले आणि त्यांनी चिखल पाहिला. "चाचानं शेण दाखवून आणलं," असं गावोगाव झालं. मंचरच्याच दुसऱ्या एका सहलवाल्यानं त्यात तेल ओतलं. पुढच्या मोसमात आमच्याकडं मोजून एक ग्रुप जमला. तोही खोडदच्या एका निवृत्त गुरुजींमुळं. गुरुजींच्या शेतातून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसायच्या, त्यामुळं आकाशाचं आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं असा त्यांचा समज होता. मोबाइलवर हवामान बघून ते चाचांना रोज चूक दाखवायचे. चाचा त्यांना "येधशाळा" म्हणायचे. दोघांचं एक मिनिट पटलं नाही. पण अर्धा ग्रुप गुरुजींच्या भावकीचा होता आणि गुरुजींचा शब्द चार गावांत चालत होता.

निघण्याआधी चाचा मला म्हणाले, "हा ग्रुप वरच्या माळावर गेला पायजे. म्हातारा खूश होऊन आला तर आपलं ऑफिस जगलं. नाय तर आपण दोघं मिळून शटर ओढू."

वरचा माळ म्हणजे दोर संपतो त्याच्याही वरचं सपाट मैदान. तिथून पलीकडची सगळी शिखरं दिसतात. आमच्या सहलीत खरं बघायचं ते तेवढंच.

त्या वर्षी तिकडं आधी थोडा बर्फ पडला आणि मग किती तरी दिवस नुसती कोरडी, करकरीत थंडी. आम्ही पोचायच्या आदल्या दोन दिवसांत मात्र आभाळ फाटल्यासारखा बर्फ पडला. आम्ही उतरलो त्या सकाळी लख्ख निळं आकाश. झाडं वाकलेली. लोक वेडे झाले. गुरुजींनी गाडीतून उतरल्या उतरल्या मोबाइल वर धरला. "सूर्यप्रकाश, वारा नाही, धोका नाही. चाचा, आज पहिल्यांदा तुमचं नशीब बरंय."

आणि वरच्या माळाकडं जाणाऱ्या वाटेवर ठाकूरनं काठीला लाल फडकं बांधलेलं.

"नीचे खेलो," तो म्हणाला. "ऊपर बंद है."

चाचांनी त्याला विचारलं नाही, समजावलं नाही. उजव्या हाताचा मोजा काढून कमरेला खोचला, बाही सारली, ठाकूरला छातीवर हात देऊन मागं रेटलं आणि वाटेच्या कडेला बर्फात दंडापर्यंत हात घातला. बराच वेळ आत चाचपत होते. मग मूठ बाहेर काढून उघडली. आतला बर्फ साखरेसारखा होता. दाणेदार, कोरडा, बोटांमधून गळणारा.

"बघ," ते मला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ओल नाय, कूज नाय. मोकळा, सुका माल. सुका माल टिकतो. बीएस्सी, हाक मार सगळ्यांना. वर जायचंय."

"चाचा, यही तो ख़राब है," ठाकूर म्हणाला. "ये सूखी चीनी ही तो ख़राब है."

"तू मला माल शिकवणार?"

"कांदा नहीं है ये."

"माल म्हणजे माल."

यानंतर जे झालं ते लिहायला बरं वाटत नाही. चाचांनी ठाकूरच्या बापाचा उद्धार केला. ठाकूरनं फावडं उचललं. गुरुजी मधे पडले, पण भांडण सोडवायला नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा ते चाचांच्या बाजूनं उभे राहिले आणि ठाकूरला म्हणाले, "तुम अनपढ़ आदमी, हमको मत सिखाओ." मागून आमचे लोक ओरडायला लागले. दोघं-तिघं फडकं ओलांडून पुढं निघालेही.

ठाकूरनं फावडं मारण्यासाठी उचललं नव्हतं. त्यानं आमच्याकडं पाठ केली आणि चाचांनी हात घातला तिथंच उतार कापायला घेतला. तिन्ही बाजूंनी कापून एक उभा चौकोन मोकळा केला, पेटीएवढा. वर हातभर नवा, पांढरा, घट्ट बर्फ, खाली ती साखर. मग त्यानं फावड्याच्या पात्यानं वरून हळूच थोपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी वरचा सगळा ठोकळा साखरेवरून सरकला आणि चाचांच्या पायाशी येऊन आदळला.

गुरुजी म्हणाले, "एवढ्याशा तुकड्यानं काय होतं?"

मी चाचांकडं बघत होते. चाचा त्या सरकलेल्या जागेकडं बघत होते.

तुमच्याकडं कांद्याची बराखी असेल तर ते काय बघत होते ते तुम्हाला कळेल. नसेल तर सांगते. बराखी म्हणजे कांदा साठवायची फटींची लांब शेड. आत छातीच्या वर ढीग असतो. ओला, सडका कांदा एकमेकाला चिकटून बसतो, तो जागचा हलत नाही. पण चांगला, खडखडीत वाळलेला कांदा असला, आणि तुम्ही खालून चार काढले, की वरचा सगळा ढीग एकदम अंगावर येतो. बराखी खोलताना समोर कुणाला उभं करत नाहीत ते यासाठी. लहान पोरालाही माहीत असतं. चाचांनी जन्मभर सुका माल शोधला होता, आणि जन्मभर त्या मालासमोरून माणसं मागं ढकलली होती. फक्त त्या सकाळी त्यांना पहिली गोष्ट आठवली आणि दुसरी आठवली नाही.

"अरे तिच्यायला," ते पुटपुटले.

मग ते वळले, आणि कमरेला खोचलेला मोजा खाली पडला तो तसाच राहिला.

"मागं या," ते फडक्यापलीकडं गेलेल्यांना म्हणाले. "कुणी वर जायचं नाय."

"आता काय झालं?" गुरुजी म्हणाले. "आत्ता तर तुम्हीच म्हणालात."

"म्हणलो व्हतो. आता नाय म्हणतो."

"शब्द दिला होता तुम्ही. मंचरला, ऑफिसात."

"दिला व्हता. मागं व्हा गुरुजी." आणि त्यांनी डावा हात गुरुजींच्या छातीवर ठेवून त्यांना ढकललं. चांगलं जोरात. गुरुजी बर्फात बसले. सगळी भावकी चाचांच्या अंगावर आली. कुणी गचांडी धरली, कुणी जातीवर गेलं. चाचा वाटेवर आडवे हात करून उभे राहिले, ठाकूर त्यांच्या शेजारी फावडं घेऊन उभा राहिला, आणि आमचे लोक शिव्या देत देत खाली वळले.

दिवसभर ऊन होतं. उतार जागचा हलला नाही. दुपारी दुसऱ्या कुठल्याशा सहलीतली दोन पोरं पलीकडच्या अंगानं वर चढून गेली आणि हसत, नाचत खाली आली. गुरुजींनी त्यांचा व्हिडिओ काढला. परतीच्या सगळ्या प्रवासात तो व्हिडिओ फिरत राहिला. चाचांशी कुणी बोललं नाही. चहा आला की त्यांच्यापर्यंत कप यायचा नाही. मी माझा दिला तर म्हणाले, "तू पी. तुला उद्या यांच्यातच राहायचंय."

आम्ही पुण्यात उतरतोय तोवर ठाकूरचा फोन आला. आम्ही पुण्यात पोचलो त्याच दिवशी सकाळी तिकडं वरचा उतार सुटला होता. फडकं, काठी, दोराचा वरचा खांब, सगळं घेऊन खाली आला. माणूस कुणी नव्हतं. त्यानं फोटो पाठवला. डोंगराचं सालटं काढल्यासारखी लांब जखम.

मी लगेच तो ग्रुपवर टाकायला घेतला. बघू दे म्हटलं सगळ्यांना, गुरुजींना तर आधी.

चाचांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "नको."

"का नको? तुम्ही सगळ्यांचा जीव वाचवला."

"हे वरचं झालं," ते म्हणाले. "फोटो टाकशील तर लोक म्हणतील, चाचाचा हात लई पक्का. हात चुकला व्हता. मी चढवणार व्हतो सगळ्यांना. म्हाताऱ्याला, बायांना, तुला. ठाकूर नसता तर?"

"पण थांबवलं ना."

"भ्या वाटलं म्हणून थांबवलं. त्याचा काय फोटो टाकायचा?"

त्यांनी फोटो पुसला. नंतर ठाकूरकडून मागून घेऊन लोकांना दाखवता आला असता, पण मी तसं केलं नाही. मोसम संपायच्या आत आम्ही दोघांनी मिळून शटर ओढलं. एक बाजू त्यांनी धरली, एक मी. ते मधे अडकलं, तेव्हा ते मला म्हणाले, "जोर लाव की, बीएस्सी. कॉलेजात काय खाल्लंस?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नारायणगावच्या एका सहलवाल्याकडं नेऊन सोडलं. त्याला म्हणाले, "मधली बी चांगलीय," आणि चहाही न घेता निघून गेले.

पुढं ते भावांच्या वखारीत बसायचे. मी मंचरला गेले की बाजारात डोकावायचे. ढिगात हात घालणं त्यांनी सोडलं नव्हतं. पण आधी डावा हात आडवा करून भोवतीच्या सगळ्यांना पार लांब हटवायचे, कुणाला पाच पावलं, कुणाला दहा. हमाल चिडायचे. "चाचा, कांदाय तो, वाघ न्हाई." चाचा त्यांना शिव्या देत राहायचे आणि सगळे मागं सरकल्याशिवाय बाही वर करायचे नाहीत.

गेल्या पावसाळ्यात जुन्नरला ते वारले. मयतीला माणसं बरीच होती. भिंतीला टेकून गुरुजी उभे होते. सगळं होईपर्यंत थांबले आणि गेले.

ठाकूरला कळवायचं माझ्याच्यानं होईना. असं करता करता हिवाळा आला. नव्या ऑफिसात सकाळचा फोन मीच लावते. ते लोकही आता त्याच उताराला जातात. बर्फ विचारायच्या आधी मी त्याला सांगितलं.

"रुको," तो म्हणाला.

फोन चालूच होता. दार वाजल्याचं ऐकू आलं, मग बूट बर्फात रुतत जाण्याचा आवाज, तोही बराच वेळ, आणि ठाकूरच्या धापा. मग सगळं थांबलं. कापड सरकल्यासारखं काहीतरी झालं.

"डेढ़ वीत नई है," तो म्हणाला. "हवा नहीं है."

मी लिहून घेतलं.

"और बीच में," तो म्हणाला, "बीच में भी पक्की है. हाथ डालके देखा."